गडग्यातले शेजारी

आम्ही परभणीचे. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येईल तेव्हा हंड्या-घागरींत भरून ठेवायचे ते, आणि समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. सप्टेंबर २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्दू शाळेवर नेमणूक झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि हर्णै शोधले. दापोली तालुका, सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या समोर. मुलांच्या दादीने त्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि विचारले, "इसके आगे क्या है?" मुलांचे अब्बा म्हणाले, "आगे सीधा अरबस्तान." दादीने जरा विचार केला आणि म्हणाली, "फिर ठीक है. भटके तो भी मक्के कोच पहुँचेंगे."

तेव्हा थोरला पाच वर्षांचा होता, धाकटी वर्षाची. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाची, महिना सहा हजार रुपये मानधन. बी.एड. झालेल्या माणसाने हा आकडा कुणाला सांगू नये. आम्हीही नातेवाइकांना सांगितला नव्हता. मुलांच्या अब्बांनी परभणीचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान बंद केले आणि हर्णैच्या बाजारात एका टपरीत पुन्हा मांडले. मच्छीमारांचे मोबाइल उघडले की आत मीठ निघते, हे त्यांना इथे आल्यावर कळले. धंदा वाईट नव्हता.

घर मिळाले ते जांभ्या चिऱ्याचे, कौलारू, पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीभोवती गडगा. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेली भिंत. घरमालक चाचा शेजारीच राहत. पंचवीस वर्षे कुवेतला काढून परत आलेले, मुले मुंब्र्याला. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला घर दाखवले, विहीर दाखवली आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, गडग्यात हात घालायचा नाही. कधीच नाही. बॉल गेला तर नवा आणा, पैसे मी देतो." आम्ही मान डोलावली. नव्या घरमालकाच्या वीस सूचनांपैकी ही एक असे आम्हाला वाटले.

भाषेचे सांगितले पाहिजे. घरात आमची दखनी, वर्गात उर्दू, केंद्रशाळेच्या कागदावर मराठी आणि गावातल्या मुसलमानांची बोली कोकणी, जी उर्दूपेक्षा मराठीला कितीतरी जवळची. त्यामुळे प्रत्येक जनावर आम्हाला दोन-तीनदा भेटले. पुस्तकातले एक नाव, मुलांच्या तोंडचे दुसरे, दादीचे तिसरे. पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका मुलीने वर्गात सांगितले, "मॅडम, काल आमच्या वाडीत वाघ आला होता." आम्ही तिला खोटे बोलू नये यावर दहा मिनिटे ऐकवले. मधल्या सुट्टीत कळले की इकडे बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात, आणि तो खरोखरच आला होता. तिची माफी मागायला आम्हाला आठवडा लागला. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते.

सुरुवातीचे दिवस खेकड्यांचे होते. पावसात ते मोरीच्या भोकातून आत येत आणि चुलीमागे जाऊन बसत. दादी त्यांना झाडूने बाहेर ढकलताना "चलो मियाँ, चलो" असे म्हणायची, जणू काही उधारी मागायला आलेले लोक. रात्री बेडकांचा आवाज एवढा की अजान झाली की नाही ते घड्याळात पाहावे लागे. मग वानरे. ती कौलांवरून धावली की दोन-चार कौले सरकत आणि पुढच्या पावसात बरोबर धाकटीच्या पाळण्यावर पाणी गळे. चाचांनी आंबा लावून, वाढवून, वीस वर्षांनी हातात आलेले फळ वानरांनी अर्धे खाऊन टाकलेले आम्ही पाहिले आहे. शहरातून आलेल्या पाहुण्यांना वानरांचे फोटो काढावेसे वाटतात. बागायतदाराला काय वाटते ते त्याच्या तोंडून ऐकावे, इथे लिहिता येणार नाही.

बिबट्या आम्हाला एकदाच दिसला, म्हणजे दिसला असे म्हणायचे. पडवीत एक गावठी कुत्रा येऊन झोपायचा. दादी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, पण भाकरी रोज टाकायची. जानेवारी २०२१ मधल्या एका रात्री तो एकदाच ओरडला, अर्धाच, आणि थांबला. खिडकीतून टॉर्च टाकली तेव्हा गडग्यावरून काहीतरी लांब, जड, घाई नसलेले पलीकडे उतरले. सकाळी पडवीत थोडे रक्त होते. दादीने पाणी टाकून ते धुतले आणि त्या दिवसापासून दुपारची उरलेली भाकरी कुणाला टाकली नाही.

त्याआधीचे वर्ष २०२० मात्र कुठल्याही जनावरापेक्षा वाऱ्याचे होते. शाळा कोरोनामुळे बंद, परभणीला जाता येत नव्हते, आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ते जमिनीवर चढले आमच्या उत्तरेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण दापोली आणि मंडणगड तालुक्यांची वाताहत झाली. आम्ही पाच जण आणि चाचा-चाची आतल्या खोलीत पलंगाखाली बसलो होतो. वरची कौले एकेक करून उडत होती; ती उडताना ताशासारखा आवाज येतो. चार तासांनी बाहेर आलो तेव्हा मागची वाडी नव्हती. सुपाऱ्या सगळ्या एकाच दिशेला आडव्या. चाचा त्यांच्यामधून चालत राहिले, मोजत. पुढे महिनाभर वीज नव्हती.

त्या महिन्यात प्राण्यांचे काय हाल झाले ते आम्ही फारसे पाहिले नाही, कारण आमचेच पाहत होतो. एवढे आठवते की रस्त्यावरचा मोठा वड पडला आणि त्यावरची वटवाघुळे भर दिवसा उडत राहिली, कुठे लटकावे ते कळेना. ते वर्ष वटवाघळांच्या बदनामीचे होते. कोरोना त्यांच्यामुळे आला अशी बातमी प्रत्येक मोबाइलवर होती. गावातली पोरे दगड घेऊन धावली. शाळा बंद असली तरी ती आमचीच पोरे होती. आम्ही ओरडलो, त्यांनी दगड टाकले, आणि आम्ही वळल्यावर पुन्हा उचलले असावेत.

आता गडग्याकडे येतो.

ऑक्टोबर २०२२. तीन वर्षे संपून महिनाच झाला होता, पहिला पूर्ण पगार अजून हातात यायचा होता. पाऊस उघडला होता, गवत वाळायला लागले होते. संध्याकाळची साडेसहाची वेळ. थोरला आठ वर्षांचा झाला होता आणि चाचांची सूचना त्याला पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टी मुले किती पाळतात ते आम्ही शिक्षकांनी काय सांगावे. बॉल गडग्याच्या फटीत गेला. त्याने हात घातला. घरात येऊन तो म्हणाला, "अम्मी, काटा लगा." उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन बारीक ठिपके होते, रक्ताचा थेंब धड एक नाही.

आम्हाला खरेच काटा वाटला. चाचींना वाटला नाही. त्यांनी विचारले, "आवाज आला का? करवतीसारखा?" थोरला म्हणाला, "हां, जैसा लकडी काटते वैसा." चाची आत ओरडल्या, "गाडी काढा."

फुरसे हा वीतभर-हातभर लांबीचा साप. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर आणि गडग्यांत तो पूर्वीपासून आहे. अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून तो आवाज करतो, म्हणजे तो आधी सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला तो आवाज सांगण्याचा आहे हे माहीत नसते. त्याचे विष रक्तावर काम करते. रक्त गोठणे बंद होते, मग हिरड्यांतून, लघवीतून, आत कुठेही रक्त येऊ शकते. हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी फक्त चाचींचा चेहरा कळत होता.

गाडी निघेपर्यंत अंगणात पंधरा माणसे जमली. एकाने सांगितले, बोटाला दोरी आवळा. दुसऱ्याने ब्लेड आणले. तिसरा म्हणाला, अमुक गावात एक बाबा आहेत, दम करतात, साप कुठलाही असो. चौथ्याने मिरची चारायला सांगितले, तिखट लागले तर विष नाही. ही माणसे वाईट नव्हती. त्यांच्यापैकी तिघे रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. पण त्या दहा मिनिटांत प्रत्येकाचे ऐकावेसे वाटत होते, हे आम्ही कबूल करतो. बी.एड.ला मानसशास्त्र होते, विज्ञान आम्ही स्वतः शिकवतो, तरी दम करणाऱ्या बाबाचे गाव जवळ आहे की दापोली जवळ, हा हिशोब डोक्यात होऊन गेला. चाचांनी तो होऊ दिला नाही. त्यांनी मुलाला उचलून गाडीत ठेवले, हात हलवू नको म्हणाले आणि दरवाजा लावला.

हर्णैपासून दापोलीपर्यंतचा रस्ता वळणांचा आणि चढाचा आहे, पंधरा-सोळा किलोमीटर. त्या रस्त्यावर दादी सारखी नातवाला विचारत होती, "मेरा नाम क्या है? बोल, मेरा नाम क्या है?" तो प्रत्येक वेळी कंटाळून सांगत होता. हात मनगटापर्यंत सुजला होता.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी दोरी बांधली नाही हे पाहून "बरे केले" म्हटले. मग त्यांनी जे केले त्याने आम्ही चक्रावलो. त्यांनी मुलाच्या दुसऱ्या हातातून थोडे रक्त काढले, काचेच्या कोरड्या नळीत घातले, नळी स्टँडवर उभी केली आणि घड्याळ पाहिले. म्हणाले, "वीस मिनिटे हिला कुणी हात लावायचा नाही." मशीन नाही, अहवाल नाही. एक नळी आणि भिंतीवरचे घड्याळ. धड माणसाचे रक्त वीस मिनिटांत गोठते. फुरशाचे किंवा घोणसाचे विष चढले असेल तर गोठत नाही.

आम्ही आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या आणि घेतल्या. पर्यवेक्षक म्हणून तीन-तीन तास वर्गात फेऱ्या मारल्या. पण वीस मिनिटे किती असतात ते त्या रात्री कळले. मुलांचे अब्बा भिंतीकडे तोंड करून उभे होते. दादी तसबीह ओढत होती, पण मणी पुढे सरकत नव्हते, एकाच मण्यावर बोट घासत होते.

डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले.

मग पटपट सगळे झाले. सलाइनमधून प्रतिविषाच्या दहा कुप्या. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्याचीच ॲलर्जी काहींना येते, म्हणून दुसरे इंजेक्शन भरून उशाशी ठेवलेले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच औषध चालते. दरम्यान गावातली पोरे एका प्लॅस्टिकच्या डब्यात मेलेला साप घेऊन दापोलीला हजर झाली. डॉक्टरांनी डब्यात पाहिले, मान हलवली आणि त्या पोरांना बाहेर नेऊन सांगितले की साप पकडायला जाऊ नका, मला साप नको असतो, मला लवकर आलेला पेशंट हवा असतो. आम्ही हे वाक्य नंतर फळ्यावर लिहिले.

सहा तासांनी, रात्री दोनच्या पुढे, पुन्हा नळी. पुन्हा वीस मिनिटे. पुन्हा पातळ. आणखी औषध. लघवी लाल झाली होती. सकाळी नऊच्या सुमारास तिसरी नळी तिरकी केली तेव्हा रक्त जागचे हलले नाही. डॉक्टरांनी ती पालथी करून दाखवली. लाल जेलीसारखा गोळा नळीला चिकटून होता. दादीने डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. शेवटी नर्सने सोडवला.

पाचव्या दिवशी घरी आलो. बोट वाचले, नख गेले, ते पुढे आले.

घरी आल्यावर आम्ही पहिले काम केले ते असे. चाचांची परवानगी काढली आणि मागचा गडगा पंधरा हातांपर्यंत उकरायला लावला. चार गडी होते. दगडांखाली आणखी तीन फुरशी निघाली, एक मोठे, दोन लहान. वेटोळे घालून, अंग घासत, करवतीचा आवाज करत. तो आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गड्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "सगळी काढा." मारा हा शब्द आम्ही उच्चारला नाही, एवढेच. त्यांनी फावड्याने मारली आणि आम्ही उभे राहून पाहिले. वाईट वाटले नाही. आजही शोधून पाहतो, तर त्या क्षणाचे वाईट वाटत नाही.

पण पंधरा दिवसांनी सातवीच्या वर्गात साप आले. साप उंदीर खातो, म्हणून शेतकऱ्याचा दोस्त, बहुतेक साप बिनविषारी, कुठलाही साप उगाच चावत नाही, मारू नये. आम्ही हे दर वर्षी शिकवत आलो होतो, त्याही वर्षी शिकवले. आवाज जरा खाली होता इतकेच. मागच्या बाकावरची एक मुलगी, तीच वाघवाली, उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, "मॅडम, तुमच्या गडग्यातली मारली ना?"

वर्ग गप्प. आम्ही म्हणालो, "हां, मारली." ती म्हणाली, "ती चावली होती का?" आम्ही म्हणालो, "नाही. ती दुसरी होती." ती खाली बसली. तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरेच उत्तर हवे होते, की आपल्या घरी निघाले तर काय करायचे. आम्ही त्या दिवशी धडा तिथेच सोडला आणि चपला झटकून घालणे, रात्री टॉर्च घेणे, हातात काठी ठेवणे, चावला तर हात न हलवता दवाखाना गाठणे, हे शिकवले. मारावे की मारू नये याचे उत्तर आम्ही दिले नाही. दुसऱ्या वर्षी त्याच धड्याला त्याच जागी आम्ही अडखळलो.

इकडे थोरला बदलला होता. तो वाडीत जाईना. अंधार पडल्यावर पडवीत जाईना. वाळूवर अनवाणी पाय टाकायचा म्हटले की त्याचे ओठ पांढरे व्हायचे. बूट घालण्यापूर्वी तो ते पायरीवर तीनदा आपटायचा, मग आत वाकून पाहायचा, मग पुन्हा एकदा आपटायचा. त्यामुळे शाळेला उशीर व्हायचा, पण आम्ही रागावलो नाही. दादीने एकच ध्रुवपद धरले होते: चलो वापस. परभणीत सहा हजारांच्या जागी शून्य मिळाले असते तरी चालेल, असे तिचे म्हणणे. तिचे चुकत होते असे आम्हाला ठामपणे म्हणता येत नव्हते.

२०२४ चा रमजान मार्चमध्ये आला. तो कासवांचाही हंगाम. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, दीड-एक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि परत जातात. पुन्हा वळून पाहत नाहीत. पूर्वी ही अंडी कोल्ही, कुत्री आणि माणसे सारख्याच आवडीने न्यायची. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी वाचवायला सुरुवात केली, मग ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरले. आमच्या खाडीपलीकडच्या आंजर्ल्यातही. तिथे जाळीच्या कुंपणात अंडी पुन्हा पुरून ठेवतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर आली की त्यांना समुद्राच्या दिशेने सोडतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप मासेमारी करतो. त्याच्या जाळ्यात एकदा मोठे कासव आले आणि त्याने जाळे कापून ते सोडले. अशा वेळी सरकार पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, २०१८ च्या अखेरीपासून ही योजना आहे. तो कासवाच्या पाठीबद्दल फारसे बोलत नाही, भरपाईच्या अर्जाला लागलेल्या फोटोंबद्दल बोलतो. त्यानेच सांगितले की उद्या सकाळी आंजर्ल्याला पिल्ले निघतील असे दिसते, मुलांना आणा.

सहरी करून, फज्र पढून आम्ही पाच जण निघालो. थोरला गाडीतून उतरायला तयार नव्हता. धाकटी सहा वर्षांची झाली होती, ती पुढे पळाली. दादीने त्याला काहीही न म्हणता आपल्या चपला काढून गाडीत ठेवल्या आणि अनवाणी चालू लागली. तिला समुद्रकिनाऱ्यावर चपलांनी चालता येत नाही, एवढेच कारण होते. तो थोड्या वेळाने बूट घालून मागे आला.

पुरलेल्या अंड्यांवर टोपली झाकलेली होती. तिथल्या माणसाने ती उचलली तेव्हा वाळू हलत होती. मग काळपट, तळहातात मावतील अशी पिल्ले, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत वर आली. त्यांना पाण्यात टाकत नाहीत. पाण्यापासून थोडे दूर वाळूवर ठेवतात, ती आपली आपण चालत जातात. लोक दोरीच्या मागे उभे. सूचना एकच होती: कुणी पाय उचलायचा नाही, सरकवायचा नाही, एखादे भरकटून पायाखाली येऊ शकते.

दादी तसबीहवर पिल्ले मोजत होती. एक पिल्लू पाण्याला लागले की एक मणी. मध्येच लाट आली, दहा-बारा मागे फेकली गेली, तिचा हिशोब बिघडला, ती चिडली. एक पिल्लू मात्र उलटे फिरले आणि दोरीखालून सरळ थोरल्याच्या बुटाकडे आले. त्याच्या बुटावर चढायचा प्रयत्न केला, घसरले, पुन्हा चढले. तो श्वास रोखून उभा होता. हात दोन्ही बाजूंना ताठ. आम्ही काही बोललो नाही. तिथल्या माणसाने येऊन ते उचलायला बरीच मिनिटे घेतली, कारण तो पलीकडे दुसऱ्या पिल्लांत गुंतला होता. ते उचलल्यावर थोरल्याने पहिल्यांदा पाय हलवला. गाडीत त्याने विचारले, "ये बचेगा?" तिथल्या माणसाने आधीच सांगून टाकले होते की हजारांतले एखादेच मोठे होते. आम्ही तोच आकडा सांगितला. तो म्हणाला, "फिर भी जाताच है ना."

दादीच्या हिशोबाने एकसष्ट गेली. तिथल्या वहीत आकडा वेगळा होता. दादीला वही मान्य नाही.

त्यानंतर थोरला एकदम धीट झाला असे काही नाही. वाडीत तो अजूनही जात नाही. पण मोबाइलवर कासवांचे शोधू लागला. जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या एका मादीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला सावनी नाव दिले होते, हे त्याने आम्हाला सांगितले; आम्ही इतक्या जवळ राहून विसरलो होतो. मग जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी आमच्या दक्षिणेला गुहागरला अंडी घालायला आली. क्रमांक ०३२३३. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, श्रीलंकेला वळसा घालून आली असावी असा अंदाज. शिक्षकखोलीत आमच्या एका सहकाऱ्याने ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "घ्या! तिची आंतरराज्य बदली झाली, आपली आंतरजिल्हा होत नाही." आम्ही सगळे हसलो. तिथे बसलेल्या पाच जणांपैकी चार जण मराठवाड्यातले आणि विदर्भातले होते.

बदलीचा अर्ज आम्ही भरला होता. पहिल्या पसंतीला परभणी. अर्ज भरताना दादी शेजारी बसली होती आणि थोरला दारात उभा होता. बटन दाबले तेव्हा तो निघून गेला. आमच्या सहावीत आता सातच मुले आहेत. काही मुंबईला गेली, काही इंग्रजी शाळेत. वाघवाली मुलगी दापोलीला अकरावीला आहे, सायन्स. पहिल्या यादीत आमचे नाव लागले नाही. आम्ही घरी येऊन सांगितले, तेव्हा दादी नव्याने लावलेल्या नारळाला पाणी घालत होती. ती म्हणाली, "अच्छा," आणि दुसरी कळशी भरायला गेली. त्या "अच्छा"चा अर्थ आम्ही अजून विचारलेला नाही.

२०२५ ची बकरी ईद ७ जूनला होती, शाळेची सुट्टी होती, म्हणून परभणीला गेलो. भाऊ-बहिणी, त्यांची मुले, घर भरलेले. दादीभोवती बायका बसल्या. साप किती मोठा होता, विचारत होत्या. दादीने हातांनी जे अंतर दाखवले ते धामणीचे होते, फुरशाचे नव्हे, पण आम्ही मध्ये बोललो नाही. मग ती तसबीह काढून कासवे कशी मोजली ते सांगायला लागली आणि सापाचे राहूनच गेले.

ईदच्या सकाळी सगळी मुले नमाजला निघाली. थोरल्याने नवे बूट उचलले, फरशीच्या पायरीवर तीनदा आपटले, आत वाकून पाहिले आणि पुन्हा एकदा आपटले. चुलत भाऊ हसले. "अरे, यहाँ कहाँ साँप?" तो थोडा लाजला. मग आतून मुलांचे चुलते आले, त्यांनी आपल्या चपला उचलल्या आणि पायरीवर आपटल्या. एकीतून छोटा काळा विंचू पडला, शेपटी वर करून कोनाड्याकडे पळाला.

"मारो, मारो," सगळे ओरडले. थोरला म्हणाला, "रुको, डब्बा लाओ," आणि बूट हातात घेऊन त्याच्यावर नजर ठेवून उभा राहिला.